पहिल्या प्रकरणातलं घर

अमेरिकेच्या दक्षिणेत नव्यानं सुरुवात करणाऱ्या बायकांच्या कादंबऱ्यांत घर पहिल्याच प्रकरणात मिळून जातं.

बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर असते. नवरा दुसऱ्या कुणाबरोबर निघून गेलेला असतो, नाहीतर अचानक वारलेला असतो आणि त्याच्यामागे कर्जाचे कागद निघालेले असतात. मुलं कॉलेजसाठी दूर गेलेली. अशात वकिलाचं पत्र येतं: कधीकाळी उन्हाळ्यात जिच्याकडे राहिलो त्या मावशीनं समुद्रकाठचं जुनं घर आपल्या नावावर ठेवलंय. घर गळकं असतं, पोर्चच्या फळ्या कुजलेल्या असतात, अंगणातल्या ओकवरून करडं स्पॅनिश मॉस लोंबत असतं. बाई गाडीत चार खोकी टाकते आणि साउथ कॅरोलायनाच्या, जॉर्जियाच्या नाहीतर अलाबामाच्या किनाऱ्याकडे निघते. मग शेजारणी कॅसरोल घेऊन येतात. कुणीतरी शिवण शिकवतं, कुणी बंद पडलेल्या बेकरीची किल्ली हातात ठेवतं. बाईला झोप लागायला लागते. शेवटच्या पानावर ती पोर्चवर बसून चहा पिते आणि आपण रडलेले असतो.

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी मी सहा महिने नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटला राहिले. बाबागाडी ढकलत पंधरा मिनिटांवर सार्वजनिक वाचनालय होतं, आणि त्यात मोठ्या टायपातल्या पुस्तकांचं अख्खं कपाट. अमेरिकेच्या दक्षिणेत घडणाऱ्या, अर्ध्या आयुष्यावर नव्यानं मांड ठोकणाऱ्या बायकांच्या कादंबऱ्यांनी ते भरलेलं होतं. माझ्याच वयाच्या बायका यायच्या, चार-चार पुस्तकं छातीशी धरून जायच्या. बाळ झोपलं की मीही वाचायची. सहा महिन्यांत तीसेक तरी वाचून झाली असतील. मला ती मनापासून आवडली, आणि त्यांच्या बाजूनं उभं राहूनच मला पुढचं सगळं म्हणायचं आहे.

या पुस्तकांना नावं ठेवणं फार सोपं. गोड, ठरावीक, खऱ्या जगापासून पळ काढणारी. पण रोजच्या वरणभातात नावीन्य नसतं म्हणून कुणी तो ताटातून काढत नाही. ज्या बाईची पाळी जात आली आहे, जिचे गुडघे दुखतात, जिच्याकडे दुकानात, रस्त्यात, स्वतःच्या घरातसुद्धा कुणी नजर टाकत नाही, अशा बाईला गोष्टीच्या मधोमध बसवणं हे लहान काम नाही. फॅनी फ्लॅगच्या १९८७ सालच्या ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज’ कादंबरीतली एव्हलिन काउच ४८ वर्षांची आहे. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये सासूला भेटायला ती वृद्धाश्रमात जाते आणि तिथे ८६ वर्षांच्या एका म्हातारीशी तिची गाठ पडते. म्हातारी गोष्टी सांगत राहते, एव्हलिन ऐकत राहते, आणि हळूहळू ती उठून उभी राहते, सौंदर्यप्रसाधनं विकून स्वतःचे पैसे कमवायला लागते. १९९१ मध्ये त्यावर सिनेमा आला. एका बाईला दुसऱ्या बाईनं वेळ दिला, एवढंच तिथे घडतं, आणि तेवढ्यानं जीव वाचतो. यात खोटं काही नाही.

मी रोज रात्री, म्हणजे इकडच्या सकाळी, साताऱ्याला ताईला फोन करायची आणि वाचलेल्या पुस्तकाची गोष्ट सांगायची. ती भाजी निवडत ऐकायची. तिसऱ्या की चौथ्या पुस्तकाला तिनं मला मध्येच थांबवलं. “घर तिला मिळालंच का पुन्हा? कुणाच्या नावावर होतं ते?”

मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी गृहकर्ज विभागात. सर्च रिपोर्ट, इंडेक्स टू, सात-बारा, मालमत्ता पत्रक हे मालकी तपासायचे कागद माझ्या हाताखालून हजारोंनी गेले. पण हा प्रश्न मला न सुचता ताईला सुचला. ती ५१ व्या वर्षी विधवा झाली, आणि गेली बारा वर्षं दिरांच्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत राहते. त्या दिवसापासून मी ही पुस्तकं दुसऱ्याच डोळ्यांनी वाचायला लागले. बाईला धीर कधी येतो, हे पाहायचं सोडून मी तिला छप्पर कधी मिळतं, हे पाहायला लागले. दर वेळी छप्पर आधी होतं. धीर नंतर आला.

माझं म्हणणं हेच आहे. या कादंबऱ्या मनोधैर्याच्या म्हणून खपतात, पण लिहिणाऱ्या बायकांना पक्कं ठाऊक असतं की नुसत्या धैर्यावर पन्नाशीतली बाई उभी राहत नाही. म्हणून त्या आधी घर देतात. ते कसं द्यायचं याचं उत्तर समाजाकडून मिळत नाही, तेव्हा त्या एका मावशीला मारतात. गोष्टीतला हा सगळ्यात कच्चा वाटणारा दुवाच तिच्यातला सगळ्यात प्रामाणिक भाग आहे. त्यावरून लेखिकांची टर उडवणाऱ्यांनी सांगावं की मावशी नसेल तर बाईनं जायचं कुठे?

हा प्रश्न दक्षिणेत फार जुना आहे. ज्या साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर यातल्या किती तरी नायिका घटस्फोटानंतर येऊन राहतात, त्या राज्यात १९४९ पर्यंत घटस्फोट मिळतच नव्हता. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळातली थोडी वर्षं सोडली तर कायद्यात ती सोयच नव्हती, आणि अमेरिकेत असं हे शेवटचं राज्य होतं. म्हणजे आजच्या नायिकेच्या आजीला नव्यानं सुरुवात करायची तर विधवा होण्यावाचून वाट नव्हती. लुइझियानात तर नवरा कायद्यानंच ‘कुटुंबप्रमुख आणि मालक’ होता. तिथल्या एका माणसानं १९७४ मध्ये दोघांच्या मालकीचं घर बायकोला न सांगता गहाण टाकलं, तेही तिनंच त्याच्यावर केलेल्या फौजदारी तक्रारीतल्या वकिलाची फी भागवायला. जप्तीची धमकी आली तेव्हा तिला कळलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८१ मध्ये न्यायालयानं ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. १९८१! मी बँकेत लागले त्याच्या थोडं आधीचीच गोष्ट. कर्ज देताना बाई आहे, विवाहित आहे की घटस्फोटित, यावरून भेदभाव करू नये हा अमेरिकेतला कायदासुद्धा १९७४ चा. कादंबरीतली मावशी जर ऐंशी वर्षांची असेल, तर तिच्या नावावर ते घर होतं हीच एक न लिहिलेली मोठी कादंबरी आहे.

विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा अमेरिकेतला पहिला राज्य-कायदाही दक्षिणेतला, १९३९ चा नव्हे तर १८३९ चा, मिसिसिपीचा. ऐकताना अभिमान वाटावा असं. पण त्यातली बहुतेक कलमं बाईच्या नावावरच्या गुलामांबद्दल आहेत: नवऱ्याचं कर्ज फेडायला तिचे गुलाम विकता येऊ नयेत. गोऱ्या बाईच्या हक्काची पहिली वीट काळ्या बाईच्या पाठीवर ठेवलेली होती. हे वाचलं त्या रात्री मला जोतीराव आठवले. १८७३ मध्ये पुण्यात बसून लिहिलेली ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना सोडवलं म्हणून. आपल्या भाषेच्या वाचकाला दक्षिणेतल्या त्या सुंदर पोर्चकडे नुसतं पर्यटकासारखं पाहता येत नाही, ते दीडशे वर्षांपूर्वीच ठरून गेलंय.

आणि इथे माझं या पुस्तकांशी भांडण सुरू होतं. प्रेमाचंच, पण भांडण.

किनाऱ्यावरचं घर बाईला मिळालं, ठीक. जमीन कुणाची होती? शार्लटहून आम्ही तीन-चार दिवसांसाठी चार्ल्स्टनला गेलो होतो. माउंट प्लेझंटमध्ये हमरस्त्याच्या कडेला लाकडी टपऱ्यांत काळ्या बायका स्वीटग्रासच्या टोपल्या विणत बसल्या होत्या. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची ही परंपरा, आणि या लोकांना गला-गीची म्हणतात. इथली भातशेती त्यांच्या पूर्वजांच्या ज्ञानावर उभी राहिली. आपली भेंडीही तिकडे त्यांच्याबरोबरच गेली, आणि मक्याच्या पिठात घोळवून तळलेली ती भेंडी आज या कादंबऱ्यांच्या पानापानावर ‘दक्षिणेची चव’ म्हणून येते. जवळच सुलिव्हन्स आयलंड. तिथे समुद्राकाठची टुमदार घरं आहेत. जहाजातून उतरवलेल्या माणसांना आधी याच बेटावर रोगराईच्या भीतीनं कोंडून ठेवत. त्यांच्या स्मरणासाठी, कादंबरीकार टोनी मॉरिसन यांच्या नावाच्या सोसायटीच्या पुढाकारानं २००८ मध्ये तिथे एक बाक ठेवला गेला. साधा, काळा, पाण्याकडे तोंड केलेला. नातीला मांडीवर घेऊन मी त्यावर बराच वेळ बसले होते.

गुलामी संपल्यावर या बेटांवर काळ्या कुटुंबांनी जमिनी घेतल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कसल्या. मृत्युपत्रं झाली नाहीत. कोर्ट त्यांचं कधी नव्हतंच, मग कागद कुणाकडे करायचे? जमीन सगळ्या वारसांची मिळून राहिली, अविभक्त. आपल्याकडे सात-बारावर सतरा नावं चढलेली असतात, अगदी तसंच. हिल्टन हेड बेटाला १९५६ मध्ये पूल झाला आणि जमिनीचे भाव चढले. मग एखादा बिल्डर दूर शहरात राहणाऱ्या, गाव कधी न पाहिलेल्या एका वारसाचा लहानसा हिस्सा विकत घ्यायचा आणि कोर्टात जाऊन वाटपाची मागणी करायचा. जमिनीचे तुकडे पाडणं व्यवहार्य नाही असं म्हणून कोर्ट सगळीच लिलावात काढायचं, आणि लिलावात पैसा त्याच्याचकडे असायचा. शंभर वर्षं राहणारी म्हातारी बाहेर. आत गोल्फचं मैदान, पहारेकरी, फाटकावर ‘प्लँटेशन’, म्हणजे गुलाम राबवायचे तो मळा, अशी पाटी. याला थोडा आवर घालणारा नमुना कायदा २०१० मध्ये तयार झाला, म्हणजे इतर वारसांना तो हिस्सा आधी विकत घेण्याची संधी द्यायची. साउथ कॅरोलायनानं तो २०१६ मध्ये स्वीकारला आणि त्याला क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव दिलं. हे तिथले आमदार आणि पाद्री. आदल्या वर्षी चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी त्यांच्यासह नऊ जणांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या.

कर्जविभागात आम्ही तीस वर्षांचा सर्च घेतल्याशिवाय एक रुपया देत नसू. माझी मागणी एवढीच आहे की या कादंबऱ्यांनीही तो घ्यावा. मावशीच्या आधी कोण? त्याच्या आधी कोण? नायिका भिंतीचा जुना रंग खरवडते, माळ्यावरची पत्रं वाचते, मावशीचं जुनं प्रेम शोधून काढते. इतकं शोधणारी बाई गावातल्या नोंदणी कार्यालयात कधीच जात नाही.

“वाचायला येणाऱ्या बाईला आधीच ताप कमी आहेत का? तिला दोन घटका सुख मिळू दे की,” असं मुलगी मला म्हणाली. तिचा मुद्दा मी बाजूला टाकत नाही. आजारपणात, मरणानंतर, कोर्टाच्या खेपा घालताना वाचायला हलकं काहीतरी हवंच. पण उबदार पुस्तक म्हणजे अर्धवट पुस्तक असायला हवं, हे मला मान्य नाही. पुरावा याच दक्षिणेत आहे. अॅलिस वॉकर यांच्या १९८२ सालच्या ‘द कलर पर्पल’मधली सीली आठवा. मार खाल्लेली, उभ्या आयुष्यात कुणी चांगलं म्हटलं नाही अशी. ती अर्ध्या आयुष्यावर पँट्स शिवायला लागते, धंदा उभा करते, आणि शेवटी तिलाही घर वारशानंच मिळतं. पण ते कुठून आलं हे वॉकर लपवत नाहीत. सीलीच्या खऱ्या बापाचं दुकान चांगलं चालायला लागलं म्हणून गोऱ्यांनी त्याला जमावानं मारलं होतं. सावत्र बाप ती मालमत्ता स्वतःची म्हणून वापरत होता. हे सगळं कळल्यावरही शेवटच्या पानांवर आपण रडतो, आणि ते रडू जास्त खोलवरून येतं.

वॉकर ज्यांना आपली पूर्वज मानतात त्या झोरा नील हर्स्टन यांची गोष्ट तर मला अजून शांत बसू देत नाही. १९३७ च्या त्यांच्या कादंबरीतली जेनी तीन नवरे, वादळ आणि खटला भोगून चाळिशीच्या आसपास फ्लोरिडातल्या ईटनव्हिलला परत येते. लोक ओट्यावर बसून तिच्याबद्दल वाट्टेल ते बोलतात, आणि ती मान ताठ ठेवून स्वतःच्या घरात शिरते. दुसऱ्या नवऱ्यामागे राहिलेलं घर आहे, बँकेत पैसे आहेत. म्हणून मान ताठ आहे. जेनीला घर देणाऱ्या हर्स्टन यांना स्वतःचं घर मिळालं नाही. १९५० मध्ये, साठीला आलेल्या असताना, त्या मायामीत एका घरी मोलकरणीचं काम करत होत्या. पुढे ओ गॅली गावात भाड्याच्या छोट्या घरात राहिल्या, बाग फुलवली, ते घर विकत घ्यायची फार धडपड केली. जमलं नाही. १९५६ मध्ये सोडावं लागलं. १९६० मध्ये सरकारी निराधारगृहात त्या वारल्या, वर्गणी काढून पुरल्या गेल्या, थडग्यावर नावही नव्हतं. १९७३ मध्ये वॉकर यांनी गवतातून ती जागा शोधली आणि दगड बसवला.

हर्स्टन यांच्याकडे धैर्य कमी होतं असं कोण म्हणेल?

घरानंतर औषध. पुस्तकांत या विषयावर इतकी शांतता आहे की मला आधी ती जाणवलीही नाही. मुलीच्या शेजारी एक बाई राहायची, ५६ वर्षांची, हसरी, दर रविवारी आमच्यासाठी काहीतरी भाजून आणायची. नवरा चार वर्षांपूर्वी दुसरीकडे राहायला गेलेला. घटस्फोट का घेत नाही, असं मी तिला विचारलं, कारण आपल्याला असं विचारायची सवय असते. ती म्हणाली, विमा त्याच्या नोकरीचा आहे, मला मधुमेह आहे. तिनं हिशेब मांडून दाखवला. घटस्फोटानंतर कायद्यानं ३६ महिने तो विमा चालू ठेवता येतो, पण सगळा हप्ता स्वतः भरून, आणि तो तिच्या पगाराच्या आवाक्याबाहेरचा. म्हाताऱ्यांचा सरकारी विमा ६५ व्या वर्षी. “म्हणून मी नऊ वर्षं आणखी लग्न झालेली राहणार,” ती म्हणाली आणि केकची ताटली माझ्याकडे सरकवली.

ती निदान नॉर्थ कॅरोलायनात होती. २०१० च्या आरोग्य कायद्यात गरीब प्रौढांनाही सरकारी विम्यात, मेडिकेडमध्ये, घ्यायचं ठरलं होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं. नॉर्थ कॅरोलायनानं २०२३ च्या डिसेंबरात ते लागू केलं. २०२५ पर्यंत न करणारी दहा राज्यं उरली, आणि त्यातली सात ही अशी: टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, साउथ कॅरोलायना. या कादंबऱ्यांचा नकाशा काढला तर जवळजवळ हाच निघेल. अलाबामातल्या किनाऱ्यावर येऊन बेकरी उघडणारी पन्नाशीची बाई, मुलं मोठी झालेली, पहिल्या वर्षी कमाई जेमतेम. ती इतकी गरीब असू शकते की बाजारातला विमा घ्यायला मिळणारी सवलतही तिला लागू होत नाही, आणि मेडिकेड तर तिच्यासाठी नाहीच. छातीत गाठ लागली तर ती काय करते? कादंबरीत गाठ लागते, मैत्रिणी केस कापतात, रात्रभर शेजारी बसतात. बिल कुणाला येतं ते एकदाही लिहिलेलं नसतं.

ही एकट्यादुकट्या बाईची गोष्ट राहिलेली नाही. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठाच्या सुसान ब्राउन आणि आय-फेन लिन यांनी दाखवून दिलं की १९९० ते २०१० या वीस वर्षांत अमेरिकेत पन्नाशीपुढच्या घटस्फोटांचं प्रमाण दुप्पट झालं. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात अशा घटस्फोटानंतर बाईचं राहणीमान सुमारे ४५ टक्क्यांनी घसरलेलं आढळलं, पुरुषाचं २१ टक्क्यांनी. पुढे आयुष्यभर ते सावरत नाही, कारण सावरायला वर्षंच शिल्लक नसतात. मोठ्या टायपाच्या त्या कपाटासमोर कोण उभं असतं आणि का, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

मग कोणती गोष्ट सांगावी? गोष्टी आहेत. दक्षिणेतल्याच आहेत, खऱ्या आहेत, आणि स्वयंपाकघरातल्याच आहेत. अलाबामात माँटगोमेरीला जॉर्जिया गिलमोर ही एका खानावळीत स्वयंपाकीण होती. १९५५-५६ च्या, वर्णभेदाविरुद्धच्या बस बहिष्काराच्या वेळी तिनं आणि तिच्या सोबतिणींनी कोंबडी तळून, केक आणि ‘पाय’ हा सारण भरून भाजलेला प्रकार करून विकले आणि पैसे आंदोलनाला दिले. आपल्या गटाला त्यांनी ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’ म्हटलं, म्हणजे पैसे कुठून आले असं विचारलं तर खरंखरं सांगता यावं: कुठूनच नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात तिनं साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली. सहा मुलं होती पदरात. किंग यांनी तिला सांगितलं, घरीच रांध, आणि भांड्यांसाठी मदत केली. पुढे तिच्या जेवणाच्या टेबलाभोवती किंग आणि त्यांचे सहकारी बसत, कारण तिथे विश्वासानं, गुप्तपणे बोलता येई. तिचीही सुरुवात नव्यानंच होती, तीही रांधण्यातूनच होती. पण तिच्या खानावळीत कुणाला वाढलं जातं आणि कशासाठी, हे लख्ख होतं.

आणि गीज बेंड. अलाबामा नदीच्या वळणात अडकलेला हा काळ्या कुटुंबांचा गाव, तिथल्या बायकांच्या गोधड्या आज मोठमोठ्या संग्रहालयांत लागलेल्या आहेत. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं आणि लोकांनी त्यांना आधुनिक चित्रकलेच्या तोडीचं म्हटलं. जुन्या पँट्स, धान्याची पोती, विटलेले शर्ट. माझी आजी लुगड्यांची वाकळ शिवायची, तेच. गोधड्यांची कीर्ती सगळ्यांना माहीत झाली, पण मला त्याहून मोलाची वाटते ती १९६६ ची गोष्ट. मतदार म्हणून नाव नोंदवलं, आंदोलनात उतरले, म्हणून त्या भागातली काळी कुटुंबं जमीनमालकांनी हुसकून लावली होती. तेव्हा बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली, गोधड्या विकल्या, आणि त्या पैशातून पुढे २३ एकर जमीन घेतली. त्यावर शिवणाची इमारत बांधली आणि काही तुकडे हुसकलेल्या कुटुंबांना घरांसाठी विकत दिले. मावशी मरायची वाट पाहावी लागली नाही. सुई-दोऱ्यातून जमीन, जमिनीतून घर. दक्षिणेतल्या बायांच्या नव्या सुरुवातीची मी वाचलेली सगळ्यात उबदार गोष्ट ही, आणि तिच्यात काहीही झाकावं लागत नाही.

आपल्याकडे अशी कादंबरी का होत नाही, असं मला एका मैत्रिणीनं विचारलं. मला वाटतं, तिचं पहिलं प्रकरणच आपल्याकडे अडतं. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. आणि त्याच्या सोबतीनं हक्कसोडपत्रांचा पूर आला. माहेर तुटू नये म्हणून बाया सही करतात. ताईनं केली. मीही केली, बँकेत दिवसभर इतरांचे कागद तपासून संध्याकाळी भावाच्या घरी जाऊन केली, आणि वहिनीनं त्या दिवशी श्रीखंड केलं होतं. मग बारा वर्षांनी, नवरा गेल्यावर, ताई माहेरी चार दिवसांची पाहुणी ठरली. आपल्या गोष्टीत मावशीकडेच घर नसतं, ती भाचीला काय ठेवणार? शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली तेव्हा शेतकऱ्यांनी बायकांच्या नावावर जमिनी करून दिल्या होत्या. इतकं साधं आणि इतकं मुळाला हात घालणारं काम नंतर फारसं कुणी हाती घेतलं नाही.

भारतात परतले तेव्हा ताईच्या दोन खोल्यांत तिची मुलगी राहायला आलेली होती. माझी भाची, ४४ वर्षांची, सोबत दहावीतला मुलगा. लग्न संपलं होतं, नोकरी लागायची होती. माझा पुण्यात एक लहानसा फ्लॅट आहे, वन बीएचके, कर्मचारी कर्जातून घेतलेला, शेवटचा हप्ता माझ्या पगारातून गेलेला, भाड्यानं दिलेला. मुलीशी फोनवर बोलले. ती म्हणाली, आई, मृत्युपत्र करतेस का? मी म्हटलं, नाही. माझ्या मरणापर्यंत भाची साठीची होईल.

भाडेकरूची मुदत मार्चअखेर संपली. एप्रिलमध्ये आम्ही दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बक्षीसपत्र नोंदवलं. फोटो झाले, अंगठे झाले, ताई बाकावर पाण्याची बाटली धरून बसली होती. इंडेक्स टू हातात आल्यावर भाचीनं तो दोनदा वाचला, मग नावावर बोट ठेवून मला विचारलं, “मावशी, आडनाव माहेरचंच घातलंयस ना?”

मी चष्मा लावून पुन्हा एकदा पाहिलं. माहेरचंच होतं.